दोन अंगठ्यांचा कागद

लिवा गुरुजी, पन जसं मी बोलतो तसंच लिवा, तुमच्या पुस्तकासारखं गुळगुळीत करू नोका, नाईतं उद्या वाचून दाखवाल तवा लोक म्हनतील हा लटारी नोहोय, हा दुसराच कोनी होय. तं माहं नाव लटारी, बापाचं नाव कवडू, जातीचा ढिवर. जलमलो इथीच, ह्याच मोहटोल्यात, आरमोरीहून सकाळी पायी निंगालं तं दुपारच्या जेवनाले पोचते तेवढ्या दूर. माय सांगे का तू झाला तवा तुहा बाप नदीवर जाळं टाकून बसला होता, लोक सांगाले गेले का पोरगा झाला, तं हा म्हने थांबा जरा, जाळ्यात काहीतरी आलं. असा बाप. मी त्याचाच पोरगा, माशापुढं मले काही दिसत नाई. हे ध्यानात ठेवा, पुढं कामात येते.

आमा ढिवराचं पोट दोन जागी. पानकळ्यात पान्यावर, अन् पानकळा सरत आला का झाडावर. झाडावर म्हंजे कोसा. तुमी नागपुराकडले, तुमी कोशाचं धोतर कोनाच्या लगनात पाह्यलं असन, पन ते झाडावर कसं लागते ते नाई पाह्यलं. सेठाकडून बीज आनाचं, बीज म्हंजे जिते कोसे, त्यातून पाखरं निंगतात, त्याह्यची अंडी पानाच्या दोन्यात ठेवाची, आठदाहा दिवसानं त्यातून बारीक बारीक लेकरं निंगतात. आमी त्याह्यले किडे नाई म्हनत, लेकरंच म्हनतो. ते लेकरं जंगलात येनाच्या, तुमी ऐन म्हनता त्या झाडावर सोडाचे, अन् मंग तिथीच झाडाखाली खोपडी करून महिना सव्वा महिना राहाचं. एका झाडाचा पाला सरला का डंगाली तोडून लेकरांसकट दुसऱ्या झाडाले बांधाची. कावळे येतात, मुंगळे येतात, गांधीलमाश्या येतात, दिवसभर गुलेल घेऊन हाकलत राहा, ओरडून ओरडून गळा बसून जाते. चार डाव ते लेकरं झोपतात, कात टाकतात, अन् चवथ्या झोपेतून उठले का बोटाएवढे जाड होतात, मंग आपल्याच तोंडच्या सुतानं आपलं घर बांधून घेतात. ते घर म्हंजे कोसा.

पन मुद्द्याची गोष्ट वेगळी हाये. कोसा एकट्या मानसाचा होत नाई. जंगलात गडी राहाते, त्यानं दाढी नाई कराची, मासोळी नाई, मटन नाई, दारू नाई, घरात पाय नाई ठेवाचा. घरी बाई राहाते, तिनं डोक्याले फनी नाई लावाची, तेलाले हात नाई लावाचा, बाळंतिनीजवळ नाई जाचं. रोज सकाळी पेजेचं गाडगं घेऊन ती जंगलात येते, पन खोपडीपर्यंत नाई, वाटेत एक काठी आडवी टाकलेली राहाते, काठीजवळ भरलं गाडगं ठेवाचं, कालचं रिकामं उचलाचं, अन् बोलाचं असन तं काठीपल्याडूनच बोलाचं. दोघांनीबी पाळलं तं कोसा होते, एकानंबी मोडलं तं लेकरं मरतात. आजा असं सांगे, बाप असं सांगे. तुमी हसून राह्यले गुरुजी, हसा, तुमी मंगाच सांगतलं का त्या किड्यांले रोग असते, बीजच रोगी असते. असन बा, मले का मालूम. पन आमचं सारं ह्या नेमावर चाले अन् सेठबी ते जाने, म्हनून बीज उधार देताना कागदावर एकट्या गड्याचा अंगठा चालत नोहोता. दोघांचा लागे, नवऱ्याचा एक अन् बायकोचा एक, शेजारी शेजारी.

आता सायत्राचं सांगतो. सायत्रा माही पयली बायको, नदीपल्याडची, तिले मायबाप नोहोते, एक भाऊ होता. सहा वर्स संसार झाला, लेकरू नाई झालं, पन त्याच्यावरून मी तिले कधी वाकडा शब्द बोललो नाई, हे एक बरं केलं, लिवा ते, पुढं बरं म्हनाजोगं फार नाई येत. ती बोले कमी अन् इचार करे म्हातारीवानी. मी उतावळा. मालगुजारी गेली त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट, सारा गाव हवेत होता, मलेबी वाटलं का आपून कराव काही मोठं, दरसाली एक टोपली बीज आनतो, औंदा दोन आनू. सायत्रा म्हने, डोळे तं दोनच हायेत तुमाले, एवढी झाडं पाहान कशी. म्या म्हनलं झाडाचं मी पाहीन, तू अंगठा लाव. आरमोरीच्या हबीबसेठच्या दुकानात बसून तिनं अंगठा लावला, शाई पुसाले काही भेटेना तं आपल्याच केसाले पुसली. दोन टोपल्या बीज, वरून चार महिन्याचं धान, सारं कोशातच फेडाचं. सेठ मानूस वाईट नोहोता, हेबी लिवा, उधार देनारा म्हंजे राक्षस असं लोक उगाच धरून चालतात. त्यानं तिले इचारलं, बाई, तुले कबूल हाये का. तिनं माह्याकडं पाह्यलं अन् हो म्हनलं.

सारं बरं चाललं होतं. काय सांगू तुमाले, येनाच्या पानावर ते लेकरं असे हिरवेगार, पावसासारखा पाला खान्याचा आवाज येत राहे, मी खाली बसून आयकत राहो. तिसरी झोप झाली, चवथी झाली. अन् त्याच दोनतीन दिवसात कार्तिक लागला, धान पिवळं पडलं, लोकांनं बांध्या फोडल्या. आता तुमाले बांधी फोडली म्हंजे काय ते नाई समजनार. धानातलं पानी सुटते अन् खालच्या डबक्यात जाते, त्या पान्यासंगं सारा पानकळा शेतात वाढलेले मासे, मोठी डडक, मरळ, एवढाले टेंगरे, हातानं उचला. ढिवराच्या घरचं म्हातारं खाटेवरून उठून येते त्या दिवशी. सकाळी सायत्रा पेज ठेवून गेली अन् थोड्या वेळानं फकिरा आला, माहा लहानपनापासूनचा संगी, म्हने लटारी, तुह्या खोपडीखालच्याच नाल्यावर पानी सुटलं, चाल, उभ्या उभ्या जाऊन येऊ. म्या म्हनलं नेम हाये बा. तो म्हने पकडाचा नेम थोडीच हाये, खाचा हाये, तू पकड, मी खाईन. आता ह्या बोलन्यात काही दम हाये का, तुमीच सांगा, पन तवा मले तो मोठा वकील वाटला.

गेलो. पेजेचं गाडगं हाती घेऊनच गेलो, म्हनलं दुपारी तिथीच खाईन. महिनाभर मीठ अन् पेज, मीठ अन् पेज. अन् तिथी फकिरानं जाळ केला, मरळ निखाऱ्यावर टाकली, तिची चरबी गळून जाळ फुरफुरे, तो वास मले आजबी येते. त्यानं फक्त एक तुकडा पानावर माह्यापुढं ठेवला. म्या खाल्ला. एक नाई खाल्ला गुरुजी, पोट फुटेस्तोवर खाल्ला, वरून पेज पेलो, गाडग्यात बोटं घालून पुसून पेलो. दिवस कलला तवा झाडाखाली आलो तं कावळ्यायनं थैमान घातलेलं, अन् एका झाडाचा पाला पुरा सरला होता, लेकरं उपाशी खाली उतरून राह्यले होते. मी तसाच, हात नाई धुतले नीट, त्याच हातानं डंगाल्या तोडल्या अन् लेकरं दुसऱ्या झाडाले लावले. दुसऱ्या दिवशी सायत्रा आली, भरलं गाडगं ठेवलं, रिकामं घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी लेकरं लोंबाले लागले. डोकं खाली, आंग लिबलिबीत, हात लावला तं काळं पानी निंगे. आधी त्या झाडाचे, मंग शेजारचे, मंग सारे. मी एका झाडापासून दुसऱ्या झाडाकडं पळून राह्यलो, राख टाकून राह्यलो, देवाले नवस करून राह्यलो, अन् मनात एकच, माहा हात, माहा हात. तेवढ्यात सायत्रा आली. काठीपल्याड उभी राह्यली, झाडाकडं पाह्यलं, गाडगं खाली ठेवलं अन् रडाले लागली. म्हने, माह्यानंच झालं का हो हे. म्या म्हनलं काय झालं. म्हने, परवा शेजारची जनी बाळंत होऊन राह्यली होती, सुटत नोहोती, सुईन आली नोहोती, तिची माय माह्या पाया पडली, मंग मी गेली, मोहाच्या टोळीचं तेल घेऊन तिची कंबर चोळली. लेकरू झालं, पन म्या तेलाले हात लावला, बाळंतिनीले हात लावला, नेम मोडला. माह्यानंच झालं का हो.

आता पाहा. ती तिथी उभी, डोळे पुसून राह्यली, अन् माह्या तोंडाकडं पाहून राह्यली. मले फक्त एवढंच म्हनाचं होतं का बाई, माह्यानंबी झालं असन, म्या मासोळी खाल्ली. एवढंच. अन् मी म्हनलो, हो, तुह्यानंच झालं. म्हनताना मले बरं वाटलं, लपवत नाई, छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. तिनं रडनं थांबवलं. पदरानं तोंड पुसलं, रिकामं गाडगं घेतलं अन् निंगून गेली.

त्याच्यानंतर घरात काही राह्यलं नाई. लोकाले सांगाले मीच सुरू झालो, बायकोनं नेम मोडला, दोन टोपल्या बीज मातीत घातलं. तिचं तोंड पाह्यलं का मले माहंच पाप दिसे, म्हनून तिलेच घालून पाडून बोलो. एक डाव हातबी उचलला, तिनं नुसतं पाह्यलं, मागं नाई सरली. पंधरा दिवसानं ती भावाकडं गेली, अन् म्या तिच्या मागं जाऊन तिले आनाच्या ऐवजी जातीच्या पाटलाले निरोप धाडला का काडीमोड पाह्यजे. बरं तं बरं, तिकडूनबी निरोप आला का आमालेबी पाह्यजे. तवा मले राग आला, सांगा आता, मागनारा मीच अन् राग मलेच.

पंच बसले मोहाच्या झाडाखाली. बुधाजी पाटील म्हंजे आमच्या जातीचा मोठा मानूस, डोळ्यानं कमी दिसे पन बोलनं तोलून. म्हने काडी मोडनं सोपं हाये, पन त्याच्याआधी कागदाचं बोला, सेठचं उधार दोन अंगठ्याचं हाये, तं जातीची रीत म्हनते अर्धं अर्धं, नवऱ्यानं अर्धं फेडाव, बायकोनं अर्धं फेडाव. पन हे कोशाचं उधार हाये, ह्यात नेम येते. ज्यानं नेम मोडला त्यानं पुरं फेडाव. बोला, कोनं मोडला. मी खाली पाहून राह्यलो. सायत्रा उठली अन् कोनी तिचं नाव घ्याच्या आधीच बोलली, म्या मोडला, म्या तेलाले हात लावला. तिचा भाऊ मागून म्हने बस बाई, तं ती बसेच ना, उभीच राह्यली, अन् माह्याकडं पाह्यलं. म्या म्हनलं मनात, आता ही मले शिव्या देईन. ती नुसती पाहात राह्यली.

मंग बुधाजी म्हने लटारी, तू पाळला का सारा नेम. त्याह्यनं माह्या तळहातावर एक कोसा ठेवला, आमच्यात तीच शपथ, कोसा हाती घेऊन खोटं बोललं तं घरात कोसा कधी होत नाई. हलका राहाते हो कोसा, फूक मारली तं उडून जाईन. फकिरा समोरच बसला होता, तंबाखू मळून राह्यला होता, मळतच राह्यला, वर पाह्यलं नाई. म्या म्हनलं, पाळला. बुधाजीनं गवताची काडी घेतली, दोन तुकडे केले, एक इकडं टाकला, एक तिकडं. लगन सुटलं. अन् दोन अंगठ्यांचं सारं उधार एकट्या सायत्राच्या आंगावर गेलं.

तिनं ते कसं फेडलं ते मले लोकाकडून मालूम पडे. आयकून न आयकल्यासारखं करो. सेठनं तिले आपल्या वाड्यामागच्या छपरीत कामाले लावली, कोसे उकडाचे अन् त्याह्यचं सूत काढाचं. ते सूत बाया मांडीवर काढतात, एका हातानं कोशातून तार ओढाची अन् मांडीवर दुसऱ्या हातानं तिले पीळ द्याचा, दिवसभर, तेच ते. चार वर्स. तेवढ्यात म्या पाट लावला, कौसीले आनली, तिचा पयला नवरा सापानं गेला होता. एक पोरगी झाली. कौसी चांगली हाये, तोंडानं फाटकी पन मनानं चांगली. कोसा मात्र परत माह्या हातून झाला नाई. एक डाव बीज आनलं, अर्धे मेले, दुसऱ्या डावाले सारे. मंग सोडलं. नदीवर जातो, मासोळी पकडतो, इकतो. खात नाई. कौसी इचारे, ढिवराच्या जातीत येऊन मासोळी नाई खात, काऊन. मी सांगो पोटात दुखते. ते काही खोटं नोहोय.

हे नवे पैसे चालू झाले ना, त्याच्याच मागंपुढं सेठचा मानूस आला, म्हने लटारी, आरमोरीले ये, अंगठा लावाचा हाये. म्या म्हनलं आता कोनतं उधार निंगालं. गेलो. सेठ म्हातारा झाला होता, दाढी पांढरी, त्यानं पेटीतून तोच कागद काढला. दोन अंगठे, शेजारी शेजारी, माहा मोठा फाकलेला, तिचा बारका. सेठ म्हने बाईनं सारं फेडलं, आज मोकळी झाली, पन कागद दोघांनं केला होता तं फिटला म्हनूनबी दोघांचाच अंगठा लागते, मंग मी फाडीन. अन् छपरीकडं तोंड करून हाक मारली, सायत्राबाई, या.

ती आली. लुगडं कासोट्याले वर खोसलेलं होतं कामातून उठली म्हनून, अन् तिची डावी मांडी, गुरुजी, मांडीवर हातभर लांब चट्टा, कातडं बैलाच्या खांद्यासारखं झालेलं, काळं, चकचकीत. तिनं लुगडं खाली ओढलं. आधी तिनं अंगठा लावला, मंग मी. एक दाना म्या फेडला नोहोता अन् फिटलं म्हनून अंगठा लावून राह्यलो होतो. सेठनं कागद फाडला, तुकडे आमच्या दोघांच्या मधात ठेवले, कोनीच उचलले नाई.

बाहेर चिचीचं झाड हाये दुकानापुढं. मी तिथी थांबलो. ती गठुडं घेऊन निंगाली तं म्या म्हनलं, सायत्रा, थांब. ती थांबली. म्या सारं सांगतलं, बांधी फुटली, फकिरा आला, मरळ खाल्ली, हात धुतले नाई, कोसा हाती घेऊन खोटं बोललो, सारं. चार वर्साचं एका दमात. अन् म्हनलं का मी अर्धं देतो तुले, अर्धं काऊन, पुरं देतो, जाळं इकतो, काही करतो. मले वाटलं ती रडन, नाईतं मारन, मारलं असतं तं बरं झालं असतं.

ती म्हने, मले मालूम होतं, लटारीभाऊ. भाऊ म्हनली ती मले. म्हने दुसऱ्या दिवशी रिकामं गाडगं नेलं तं त्याच्या काठाले खवल चिकटलं होतं, मरळीचं. मी ढिवराची पोर होय, मले नाई समजनार का. नाल्यावर बसून नखानं ते खवल काढलं म्या, गाडगं तीन डाव घासलं. अन् मंग तिसऱ्या दिवशी लेकरं मेले तवा म्या माहं तेलाचं सांगतलं. का सांगतलं मालूम हाये तुमाले. माहं म्या सांगतलं का तुमी तुमचं सांगान म्हनून. म्हनान का सायत्रा, दोघांनंबी मोडलं, दोघं मिळून फेडू. तुमी म्हनलं, तुह्यानंच झालं. माही काडी तवाच मोडली, पंचानं तं मंग मोडली. अन् पंचात मी पयले उठून बोलली, तुमच्याकडं पाहात राह्यली, तो दुसरा डाव होता. तुमी कोसा हाती घेतला.

म्या इचारलं, मंग तू पंचाले काऊन नाई सांगतलं खवलाचं. ती म्हने, सांगतलं असतं तं अर्धं अर्धं झालं असतं, अन् अर्ध्या अर्ध्याच्या पायी दरसाली ह्या दुकानात तुमच्या बाजूले येऊन बसा लागलं असतं. पुरं घेतलं तं पुरी सुटली. गठुडं डोक्यावर घेतलं तिनं. पैशाचं म्या परत काढलं तं म्हने नोको, तुमच्या हातचं काही नोको. माह्या अंगठ्याचं म्या फेडलं, तुमच्या अंगठ्याचं तुमी पाहा. अन् गेली भावाच्या गावाच्या वाटेनं, एक पाय जरासा ओढत.

तवापासून मी हाच इचार करून राह्यलो, माह्या अंगठ्याचं काय पाहू. सेठचं काही नाई, कागद फाटला. तिले द्यावं तं ती घेत नाई. राह्यली जात. जातीत अजूनबी सायत्राचं नाव नेम मोडनारी म्हनूनच हाये, तिले कोनी कोशाच्या घरात घेत नाई, लगनात हळद कुटाले बोलावत नाई, तिच्या भाचीले मागनं आलं तं पोराकडले मानसं म्हनले, हिची फुई, म्हंजे आत्या, तेच ना, जिनं लेकरं मारले. अन् मी, मी पंगतीत पाटलाच्या शेजारी बसतो. उद्या जात बसते, मोहाखाली, बुधाजी गेला, आता त्याचा पोरगा पाटील हाये. फकिरा बल्लारशाकडं गेला, कागदाच्या कारखान्याले बांबू तोडाले, त्याची गवाही नाई. माहीच हाये. मागल्या सालीबी मी उभा राह्यलो होतो गुरुजी, जात बसली होती, म्या उठून हात जोडले, पाटील म्हने बोल लटारी, अन् मी बोललो का औंदा नदीले पानी कमी हाये. अन् बसलो. तोंडातून निंगतच नाई. म्हनून तुमच्याकडं आलो, उद्या जातीपुढं हे तुमीच वाचून दाखवा.

कौसीले काल सारं सांगतलं. आधी तं तिनं भांडे आपटले, म्हने जात बंद करतीन, इहिरीवर पानी नाई भरू देनार, पोरीले कोन मागन, जे फिटलं त्याच्यापायी माहं घर काऊन बुडवून राह्यले. तिचं बराबर हाये. मंग पोरीले मांडीवर घेऊन बसली, अन् म्हने, मी जनीच्या जागी असती अन् सायत्राबाई आली नसती तं. आज सकाळी माहं धोतर धुवून वाळू घातलं, उद्याले घालाले. म्हंजे जा म्हनते का जाऊ नोको म्हनते ते म्या इचारलं नाई.

पंच काय करतीन ते करतीन. जात बंद करतीन तं करू द्या, दंड घेतीन तं देईन, सायत्राच्या चार वर्साचं धान भरून दे म्हनतीन तं भरीन, तिनं नाई घेतलं तं तिच्या भाचीच्या लगनात भरीन. लेकरं माह्या हातानं मेले का तिच्या तेलानं का रोगानं, ते मले अजूनबी मालूम नाई, तुमी रोग म्हनता तसंच असन. पन कोसा हाती घेऊन खोटं बोललो ते तं रोगानं नाई बोललो. तेवढं ठळक लिवा. तुमी चांगले मानूस, बसून आयकलं, मधात टोकलं नाई, तुमच्या लेकराबाळाच्या अंगठ्याले कधी शाई न लागो, ते सही करोत. आता आना ती शाईची डबी. डावा ना. त्या कागदावर माह्या बाजूले सायत्राचा होता, ह्याच्यावर माहा एकटाच राहीन. धरा कागद.